डोंगरापलीकडचं वाळवंट नेमकं बनतं कुठे?

पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच वाचलेला असतो. समुद्रावरून ढग येतात, डोंगर त्यांना अडवतो, अलीकडे पाऊस पडतो आणि पलीकडे कोरडं राहतं. सोबत ती ठरलेली आकृती, मधे त्रिकोणी डोंगर, डावीकडे ढग आणि तिरक्या रेघांचा पाऊस, उजवीकडे सूर्य. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण त्या आकृतीकडे जरा वेळ बघत बसलं की एकेक प्रश्न सुटे व्हायला लागतात. ढग म्हणजे काही पाण्याची पिशवी नाही की डोंगराच्या टोकाला लागली आणि फाटली. डोंगर असतो दोन-तीन किमी उंच आणि पावसाचे मोठे ढग तर दहा-बारा किमीपर्यंत चढलेले असतात, मग ते सरळ वरून का निघून जात नाहीत? आणि समजा अलीकडे निम्मं पाणी पडून गेलं, तर पलीकडे निम्मा पाऊस तरी पडायला हवा ना, तिथे एकदम वाळवंट कसं काय?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर त्या आकृतीत नसतंच. डोंगर पाऊस अडवतो हे अर्धंच खरं आहे, उरलेलं अर्धं पलीकडच्या उतारावर घडतं, जिथे हवा खाली उतरते, आणि वाळवंट खरं म्हणजे तिथे तयार होतं.

आधी वर चढणाऱ्या हवेचं बघू. समुद्रावरून येणारा वारा जमिनीलगत वाहत येतो, वाटेत पर्वतरांग आडवी आली की त्याला वर चढावं लागतं कारण मागून हवा येतच असते. वर गेली की ही हवा थंड होते, आणि इथे बहुतेकांचा समज असा असतो की वर थंडी असते म्हणून ती थंड होते, गरम भांडं गार खोलीत ठेवल्यावर निवतं तसं. पण हवेतून उष्णता फार हळू सरकते, चढायला लागणाऱ्या तास-दोन तासात आजूबाजूच्या गारव्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. ती थंड होते कारण ती फुगते. खाली असताना तिच्यावर वरच्या सगळ्या हवेचं ओझं असतं, वर जाईल तसं ते ओझं हलकं होतं आणि हवा पसरते, पसरायचं म्हणजे आजूबाजूच्या हवेला ढकलायचं, ढकलायला लागते एनर्जी, आणि ती एनर्जी ती स्वतःच्या उष्णतेतूनच काढते. गच्च भरलेल्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबून हवा सोडली की बोटाला गार लागते ते याचमुळे, आणि त्याच ट्यूबमधे हवा भरताना पंप गरम होतो ते याच्या उलट, दाबली की हवा तापते. हे उलट लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

कोरडी हवा, म्हणजे जिच्यात अजून ढग धरलेला नाही अशी हवा, दर एक किमी चढली की साधारण १० अंश सेल्सिअसने थंड होते. नेमका आकडा ९.८ आहे पण १० धरलं की हिशोब सोपा जातो.

आता वाफेकडे वळू. हवा म्हणजे स्पंज आणि डोंगर तो स्पंज पिळतो अशी एक उपमा खूप ठिकाणी वाचायला मिळते. मला ती पटत नाही, कारण हवेत पाणी साठवायला काही भोकं नसतात. होतं असं की पाण्याचे रेणू सतत पाण्यातून सुटून वाफ होत असतात आणि वाफेतले रेणू सतत पाण्याला येऊन चिकटत असतात, दोन्ही एकाच वेळी चालू. गरम असेल तर सुटणारे जास्त, थंड असेल तर चिकटणारे जास्त. त्यामुळे हवा थंड होत गेली की एक टप्पा असा येतो की चिकटण्याचं पारडं जड होतं, हवेत तरंगणाऱ्या धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांवर पाण्याचे थेंब धरायला लागतात आणि आपल्याला ढग दिसतो. याला सांद्रीभवन म्हणतात. ढोबळ नियम असा की तापमान एका अंशाने उतरलं की हवेत राहू शकणारी वाफ साधारण ७ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे दहाएक अंश उतरलं की जवळपास निम्मी. याचा वेग लक्षात घ्या, तीन किमीचा डोंगर चढताना हवा वीस-बावीस अंशांनी सहज थंड होते.

बरं, ढग धरला म्हणजे लगेच पाऊस असंही नाही. ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते तरंगतच राहतात, एकमेकांना धडकून किंवा बर्फाच्या कणांभोवती जमून मोठे झाले की मग पडतात, आणि याला वेळ लागतो, वीस मिनिटं, अर्धा तास, कधी जास्त. तेवढ्या वेळात वारा त्यांना पुढे ढकलत असतो. म्हणून अरुंद रांग असेल तर काही पाऊस माथा ओलांडून पलीकडे सांडतो, आणि बर्फ तर आणखी लांब जाऊन पडतो कारण हिमाचे कण हळू पडतात. रुंद रांग असेल तर मात्र जास्तीत जास्त पाऊस माथ्यावर पडतच नाही, चढणीच्या मधेच कुठेतरी पडून जातो आणि माथ्यापर्यंत पोचेतो हवा बरीच रिकामी झालेली असते. हिमालयात हे अगदी स्पष्ट दिसतं.

आता तो भाग, जो आकृतीत नसतो. पाण्याची वाफ करायला उष्णता लागते हे सगळ्यांना माहिती आहे, पण वाफेचं परत पाणी झालं की तीच उष्णता परत मिळते हे पटकन लक्षात येत नाही. याला सुप्त उष्णता म्हणतात, आणि ही काही थोडीथोडकी नसते. एक चौरस किमीवर फक्त १ मिमी पाऊस पडला म्हणजे १० लाख लिटर पाणी पडलं, आणि तेवढी वाफ थिजून पाणी होताना जी उष्णता वर ढगात बाहेर पडली ती साधारण ७ लाख युनिट विजेएवढी असते. एक मिमीला एवढी! ही उष्णता जाते कुठे, तर त्या चढणाऱ्या हवेतच. म्हणून एकदा ढग धरायला लागला की हवा तेवढ्या वेगाने थंड होत नाही, दर किमीला १० ऐवजी साधारण ६ अंशानेच थंड होते (हा आकडा हवा किती गरम आणि किती दमट त्याप्रमाणे बदलतो, पण ६ धरू).

आता हिशोब करून बघा, कागदपेन घ्यायची पण गरज नाही. समुद्रकाठची हवा ३० अंशांवर आहे, दमट आहे, सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ राहू शकते तिच्या साठ टक्के वाफ आहे. समोर ३ किमी उंच डोंगर. पहिला एक किमी ती कोरडी चढते, ३० वरून २० वर येते. इथे ढग धरायला लागतो. पुढचे दोन किमी ती ढगासकट, पाऊस पाडत चढते, दर किमीला ६ म्हणजे १२ अंश उतरतात, माथ्यावर पोचते तेव्हा ८ अंश. आता पाणी पडून गेलंय, हवा माथा ओलांडते आणि पलीकडे उतरायला लागते. उतरताना ती दाबली जाते, दाबली की तापते, आणि आता तिच्यात ढग उरलेला नाही म्हणून ती पूर्ण १० च्या हिशोबाने तापते. तीन किमी खाली म्हणजे ३० अंश वाढले. ८ अधिक ३०, अडतीस!

तीच हवा, त्याच उंचीवर, अलीकडे ३० होती आणि पलीकडे ३८. मधल्या काळात तिला कोणी शेकलं नाही, सूर्याने तापवलं नाही, ती फक्त डोंगर चढून उतरली. वाफेत दडलेली उष्णता तिने वाटेत सोडवून घेतली आणि पाणी मागे टाकून ती घेऊन पुढे आली.

आता पाण्याचा हिशोब. सुरुवातीला एक किलो हवेत साधारण १६-१७ ग्रॅम वाफ होती, माथ्यावर ९-१० ग्रॅम उरली. म्हणजे चाळीसेक टक्के पाणी गेलं, साठ टक्के अजून आहे. याच्यावरून कोणी म्हणेल की पलीकडे पाऊस जरा कमी पडेल इतकंच. पण ३८ अंशांवरच्या हवेत ९-१० ग्रॅम वाफ म्हणजे सापेक्ष आर्द्रता जेमतेम २३ टक्के! पाणी चाळीस टक्के गेलं पण हवा ढग धरण्यापासून कितीतरी लांब गेली. अशा हवेत राहिलेले ढग उतरता उतरताच विरतात, माथ्यावर ढगांची भिंत दिसते आणि तिच्या पलीकडे लख्ख निळं आभाळ. चुकून कुठे वरच्या थरातून पाऊस सुटलाच तर खाली येता येता थेंब वाळून जातात, लांबून ढगाखाली पावसाच्या झिरमिळ्या लोंबताना दिसतात पण जमिनीला एक थेंब लागत नाही. म्हणून मी म्हणतो की पावसाची बाजू समजून घेणं सोपं आहे, वाळवंट समजायचं असेल तर उतरणीकडे बघा.

ही उतरणारी गरम हवा काय करू शकते याची एक नोंद आहे. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगरांच्या पायथ्याशी स्पिअरफिश म्हणून गाव आहे. २२ जानेवारी १९४३ ला सकाळी तिथे उणे २० अंश तापमान होतं आणि डोंगरावरून हा वारा खाली उतरला तेव्हा दोन मिनिटांत ते अधिक ७ वर गेलं. दोन मिनिटांत सत्तावीस अंश. तिकडे या वाऱ्याला चिनूक म्हणतात, आल्प्स पर्वतात अशाच वाऱ्याला फॉन म्हणतात. बर्फ खाणारा वारा असंही त्याला नाव पडलंय कारण फूटभर बर्फ तो दिवसभरात संपवतो, त्यातलं बरंचसं तर पाणी न होता थेट वाफ होऊन जातं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वरचा ३० ते ३८ चा हिशोब हा स्वच्छ, पुस्तकी हिशोब आहे. प्रत्यक्षात खूपदा असं होतं की वारा मंद असतो किंवा खालची हवा थंड आणि जड असते, ती डोंगर चढतच नाही, अलीकडे साचून राहते नाहीतर बाजूने वळसा घालून जाते. अशा वेळी पलीकडे कोणती हवा उतरते, तर जी मुळात माथ्याच्या उंचीवर होती ती. ती आधीपासूनच कोरडी असते आणि उतरताना तीही तशीच तापते. म्हणजे अलीकडे पाऊस पडो न पडो, पलीकडे कोरडं होतंच. हवाईच्या मोठ्या बेटावर मौना केआ नावाचा ४२०० मीटरचा ज्वालामुखी आहे, तिथे खालच्या ढगांच्या डोक्यावर दोनेक किमीवर गरम हवेचं झाकण बसलेलं असतं, ढग त्याच्यावर जाऊ शकत नाहीत, डोंगराला वळसा घालतात. त्यामुळे भर समुद्रातल्या बेटावरच्या या डोंगराचा माथा वाळवंटासारखा कोरडा आहे आणि म्हणूनच तिथे एवढ्या दुर्बिणी बसवल्यात.

आता या सगळ्याचं टोक बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली. पॅसिफिक समुद्रावरून वारे पश्चिमेकडून येतात, आधी किनाऱ्याच्या टेकड्या, मग सिएरा नेवाडा, जिच्यातलं माउंट व्हिटनी ४४२१ मीटर उंच आहे, त्याच्या पलीकडे अजून एक रांग, मग पॅनामिंट रांग, जिचा टेलिस्कोप पीक ३३६६ मीटर, आणि त्याच्यानंतर हवा धाडकन उतरते ती समुद्रसपाटीच्याही खाली ८६ मीटरवर. म्हणजे चढ, पाऊस, उतार, ताप, परत चढ, परत उतार, असं तीन-चार वेळा झाल्यावर जी हवा उरते ती डेथ व्हॅलीला मिळते. वर्षाला सरासरी ५५ ते ६० मिमी पाऊस. १९२९ साली तर पूर्ण वर्षात एकही थेंब नोंदला गेला नाही. आणि तिथलं ऊन असं की उघड्यावर पाणी ठेवलं तर वर्षभरात साधारण ३८०० मिमी उडून जाईल. १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश तापमान नोंदलंय, या नोंदीवर काही हवामान अभ्यासक शंका घेतात पण अधिकृत जागतिक विक्रम अजून तोच आहे. माउंट व्हिटनीच्या बर्फाळ शिखरापासून या खड्ड्यापर्यंत सरळ रेषेत अंतर १३५ किमीच्या आसपास.

आणि डेथ व्हॅलीतच ऑगस्ट २०२३ मधे एक असा दिवस आला की पर्जन्यछाया ही छाया का आहे ते कळतं. हिलरी नावाचं चक्रीवादळ मेक्सिकोकडून, म्हणजे दक्षिणेकडून वर आलं. २० ऑगस्टला एका दिवसात तिथे ५६ मिमी पाऊस पडला, वर्षभराचा कोटा एका दिवसात, आणि खाऱ्या मैदानात कित्येक महिने टिकलेला तलाव तयार झाला. डोंगर तेच होते, तेवढेच उंच होते. पण ते पश्चिमेच्या वाऱ्याला आडवे आहेत, दक्षिणेकडून आलेल्या ओलाव्याला त्यांनी काहीच केलं नाही. छाया जशी दिव्याच्या जागेवर अवलंबून असते तशी ही छाया वाऱ्याच्या दिशेवर असते. भूगोलाच्या पुस्तकात वाताभिमुख उतार आणि वातविन्मुख उतार असे दोन जड शब्द येतात, त्यांचा अर्थ एवढाच, वाऱ्याकडे तोंड केलेली बाजू आणि वाऱ्याकडे पाठ केलेली बाजू. वारा फिरला की तोंड आणि पाठ पण बदलते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, पर्जन्यछाया म्हणजे वाळवंटच असं नाही. मेघालयात चेरापुंजीला वर्षाला साधारण ११,००० मिमीच्या वर पाऊस, आणि तिथून पन्नासेक किमीवर खासी टेकड्यांच्या आडोशाला शिलाँग, तिथे साधारण २२०० मिमी. शिलाँग पर्जन्यछायेतच आहे, पण २२०० मिमी म्हणजे जगातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त. सह्याद्रीचं पण तसंच, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिमी पडतो आणि घाट उतरून पूर्वेला थोडं गेलं की तो हजाराच्या आत येतो, अजून पूर्वेला पाच-सहाशेवर, पण वाळवंट होत नाही. कारण सह्याद्री फार उंच नाही, पूर्वेला हवा फारशी खाली उतरत नाही कारण पुढे पठारच आहे, आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे पावसाळी पट्टे दुसऱ्या बाजूने थोडं पाणी देऊन जातात. म्हणजे वाळवंट व्हायला डोंगर उंच हवा, लांब हवा, वारा बहुतेक वर्षभर एकाच बाजूने यायला हवा आणि दुसरीकडून पाणी यायची वाट बंद हवी. या चारही गोष्टी जुळल्या तर मग काही इलाज नाही.

चारही जुळलेली जागा म्हणजे मध्य आशिया. नेपाळमधे अन्नपूर्णा रांगेच्या दक्षिणेला लुमले नावाच्या ठिकाणी ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि त्याच रांगेच्या मागे जोमसोमला ३०० मिमीच्या आत. लेहला तर साधारण १०० मिमी. ही हिमालयाची एकट्याची करामत. त्याच्या मागे तिबेटचं पठार, सरासरी साडेचार किमी उंच, आणि त्याच्याही मागे तकलामकान वाळवंट, ज्याच्या दक्षिणेला कुनलुन, पश्चिमेला पामीर, उत्तरेला तिएनशान. तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू गोबी वाळवंटाकडे उघडी, समुद्र हजारो किमी लांब. तिथे पाणी यायला वाटच नाही, बऱ्याच भागात वर्षाला १०० मिमीसुद्धा पडत नाही. तरी तिथे शतकानुशतकं माणसं राहिलीत, रेशीम मार्गावरची गावं वसलीत, आणि ती कशावर, तर त्याच डोंगरांच्या बर्फावर. जो डोंगर ढगातलं पाणी वर काढून घेतो तो ते बर्फ म्हणून साठवतो आणि उन्हाळ्यात नदीतून थोडं थोडं खाली सोडतो. तारीम नदी अशीच, डोंगरातून येते, वाळवंटाच्या कडेने वाहते आणि समुद्राला न मिळताच वाळूत संपते. काश्गर, होतान ही गावं नकाशावर बघा, सगळी डोंगराच्या पायथ्याला मण्यांसारखी ओवलेली आहेत.

सगळी वाळवंटं डोंगरामुळे होतात असंही समजू नका. सहाराला कोणती पर्वतरांग अडवते? कोणतीच नाही. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, धो धो पाऊस पाडते, वरून उत्तर-दक्षिण पसरते आणि साधारण २० ते ३० अक्षांशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरली की तापते, तापली की कोरडी होते. ओळखीचं वाटतंय ना? तेच गणित, फक्त डोंगराच्या जागी अख्ख्या पृथ्वीवरचं हवेचं चक्र. थरचं पण काहीसं असंच, अरवली रांग अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला जवळपास समांतर आहे, आडवी नाही, त्यामुळे ती ना नीट पाऊस पाडते ना कोणाला छाया देते. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, की इतकी वेगवेगळी दिसणारी वाळवंटं एका साध्या वाक्यावर उभी आहेत, जिथे हवा उतरते तिथे पाऊस पडत नाही.

आणि हे डोंगर कायमचे नव्हते, म्हणजे ही वाळवंटं पण कायमची नव्हती. पर्वत लाखो-करोडो वर्षांत उचलले गेले आणि जसे ते उंच होत गेले तसं त्यांच्या मागचं आभाळ कोरडं होत गेलं. हे शोधायची पद्धत पण भारी आहे. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात, काहींमधे हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचा जरा जड प्रकार असतो. ढग डोंगर चढताना जड रेणू आधी पडून जातात, त्यामुळे माथ्यावर आणि पलीकडे पडणारं पाणी हलकं असतं. आता ते जुनं पाणी कुठे मिळणार, तर जमिनीत तयार झालेल्या चिकणमातीच्या खनिजांमधे, ज्वालामुखीच्या राखेतल्या काचेच्या कणांमधे ते अडकून राहिलेलं असतं. ते काढून मोजायचं, आणि हलकं निघालं तर समजायचं की तेव्हा वाऱ्याच्या वाटेत उंच डोंगर उभा होता. सिएरा नेवाडा आणि अँडीज दोन्हीकडे असा अभ्यास झालाय. करोडो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचा थेंब हातात घेऊन त्या काळच्या डोंगराची उंची सांगायची, यापेक्षा मोठं काय असतं!

अँडीजचं नाव निघालं तर शेवटी तिथे जाऊ, कारण हे सगळं एकाच रांगेत बघायला मिळतं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठाने ही रांग उत्तर-दक्षिण अशी ७००० किमी पसरलीय. खाली दक्षिणेला, म्हणजे चिली-अर्जेंटिनाच्या टोकाकडच्या भागात, वारे वर्षभर पश्चिमेकडून येतात. त्यामुळे चिलीच्या बाजूला काही ठिकाणी वर्षाला ५००० मिमीच्या वर पाणी आणि बर्फ, घनदाट जंगलं, प्रचंड हिमनद्या. रांग ओलांडून अर्जेंटिनात उतरलं की पॅटागोनियाचं माळरान, २०० मिमीच्या आसपास पाऊस, खुरटी झुडपं आणि सतत घोंघावणारा वारा. एल कलाफाते गावातून रस्त्याने ८० किमी गेलं की पेरितो मोरेनो हिमनदीची बर्फाची भिंत समोर येते, आणि गाव स्वतः मात्र कोरड्या माळावर बसलंय.

आता त्याच रांगेने उत्तरेला जात रहा. बोलिव्हिया, पेरूच्या अक्षांशात पोचलं की वारा उलटा, पूर्वेकडून, ॲमेझॉनच्या जंगलावरून ओलावा घेऊन येणारा. मग पाऊस पूर्वेच्या उतारावर, काही ठिकाणी तोही ५००० मिमीच्या वर, आणि कोरडी बाजू पश्चिमेला. तिथे आहे अटाकामा. अटाकामाला फक्त अँडीजची छाया कारण आहे असं नाही, किनाऱ्याला लागून समुद्रात थंड पाण्याचा हम्बोल्ट नावाचा प्रवाह आहे आणि वरून ती सहारावाली उतरणारी हवा पण आहे, तिन्ही एका जागी आल्यात. म्हणूनच आरिका या बंदरात ऑक्टोबर १९०३ पासून जानेवारी १९१८ पर्यंत सलग पाऊस नोंदला गेला नाही. चौदा वर्षांहून जास्त, आणि समुद्र समोरच.

म्हणजे एकाच पर्वताची कोरडी बाजू उत्तरेला पश्चिमेकडे आणि दक्षिणेला पूर्वेकडे. मग मधे कुठेतरी ती बाजू बदलत असणार ना? बदलते. उपग्रहाचा नकाशा उघडा आणि दक्षिण अमेरिकेवर या. पेरूच्या किनाऱ्यापासून तपकिरी पट्टा सुरू होतो, अटाकामातून खाली येतो, आणि मग साधारण २५ ते ३० दक्षिण अक्षांशांच्या आसपास हा पट्टा तिरका होऊन चक्क अँडीज ओलांडतो आणि अर्जेंटिनाच्या बाजूला उतरून पार पॅटागोनियाच्या किनाऱ्यापर्यंत जातो. नकाशावर वारे कुठेच काढलेले नसतात, पण तो पट्टा जिथे रांग ओलांडतो तिथे बोट ठेवलं की त्याच्या वर पूर्वेचा वारा आहे आणि खाली पश्चिमेचा.